कुंजीरताई, खाडाखोड तशीच ठेवली आहे

"चला, आता फिर्याद अर्ध्या तासात उरकेल."

पवार हवालदार हे म्हणाले तेव्हा ते चहाचा कागदी कप खिडकीत ठेवत होते. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण समोर तुमची खुर्ची होती आणि ती रिकामी होती. मी दाराच्या अलीकडे हातात हेल्मेट घेऊन उभी होते. त्यांना मी दिसले नाही. तुम्हाला जाऊन तिसरा दिवस होता, कुंजीरताई.

पवार वाईट माणूस नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. तुमच्या मांजरी गावात तिरडीला त्यांनी खांदा दिला आणि स्मशानातून बाहेर येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. टोमणा मारणं ही त्यांची रडण्याची पद्धत असेल. पण टोमणा खरा होता, म्हणून मला भीती वाटली. तुम्ही नसताना आमच्या पोलीस ठाण्यात फिर्याद खरंच अर्ध्या तासात उरकली असती, आणि ती उरकू नये असं म्हणणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी होते. मी काय केलं? परत फिरले, पार्किंगमध्ये जाऊन गाडीशी थोडा वेळ उभी राहिले आणि पुन्हा आत येताना बूट जरा जोरात आपटले. "मॅडम बोलत नाहीत, बूट वाजवतात," असं तुम्ही एकदा म्हणाला होतात.

तुमची सगळी माहिती, म्हणजे भरती कधी झालात, नेमणुका कुठे कुठे, बक्षिसं किती, शोकसभेच्या कागदावर आली. तो कागद मीच टाईप केला. त्यात मला एकही चूक दिसली नाही. तुम्ही वाचला असतात तर तुम्हाला दिसली असती.

शोकसभेत वरिष्ठ साहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन परिच्छेद लिहून आणले होते. उभी राहिले, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी तो कागद साहेबांच्या हातात देऊन खाली बसले. साहेबांनी चांगला वाचला. वाक्यं माझी, आवाज त्यांचा. त्यानंतर दोन मिनिटं मौन झालं. मौनात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणून हे लिहिते आहे. ऐकायला तुम्ही नाही, तरी जसं घडलं तसं, क्रमाने.

मी नवी उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले त्या सकाळी तुम्ही मला सलाम केलात आणि मी थँक्यू म्हटलं. अख्खा हॉल खाली बघून हसू दाबत होता. तुम्ही मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "मॅडम, सलामाला सलाम असतो. थँक्यू चहाला म्हणायचं." आणि चहा मागवलात. मला थँक्यू म्हणायला जागा मिळावी म्हणूनच मागवला असणार.

तुम्ही माझ्या दुप्पट वयाच्या. शिपाई म्हणून लागून, एकेक पायरी चढत सहायक फौजदार झालेल्या. मी परीक्षा देऊन थेट तुमच्या वर येऊन बसले होते. तुम्ही माझ्या टेबलासमोर कागद घेऊन उभ्या राहायचात आणि मला खुर्चीत बसून राहवायचं नाही.

"बसा ना, ताई."

"हुकूम आहे का?"

"हुकूम कसला. विनंती आहे."

"मग उभी बरी आहे."

हे जवळजवळ रोज चालायचं. पवारांना ते पाठ झालं होतं. ते लांबून म्हणायचे, "विनंती फेटाळण्यात आली आहे." तुम्ही हसायचात, मीही हसायचे, आणि तुम्ही उभ्याच राहायचात. मला वाटायचं हा तुमचा मान आहे, किंवा तुमचा राग आहे. विचारायचं धैर्य झालं नाही.

माझी पहिली फिर्याद स्कूटर चोरीची होती. आयटीतला एक मुलगा, लक्ष सगळं फोनमध्ये. मी त्याने सांगितलं तसं टाईप केलं, कागद छापला, त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "वाचून सही करा." त्याने न वाचता सही केली. तुम्ही तो कागद उचललात, चष्मा खाली केलात आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलंत. प्रत्येक फिर्यादीच्या शेवटी असते तीच ओळ. वरील फिर्याद मला वाचून दाखवली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

"वाचून कुणी दाखवली, मॅडम?"

"त्यांनी स्वतः वाचली असेल ना."

"असेल नको. कुणी दाखवली?"

"कुणी नाही."

"मग ही फिर्याद खोट्यावर संपली की."

मला राग आला होता. इतका, की उत्तर मनात इंग्रजीत तयार झालं आणि तिथेच राहिलं. सगळेच असं करतात, हे मला म्हणायचं होतं. खरं कारण वेगळं होतं, ते तुम्हाला नंतर कळलं. मी इंग्रजी माध्यमातली. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात सगळे मराठीच बोलतात, पण शाळेत मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचायची माझी पाळी आली की वर्ग आधीच हसायला तयार असायचा. जोडाक्षरापाशी मी अडखळायचे. मनात वाचते ते भरभर वाचते, मोठ्यानं वाचायला लागले की जीभ जड होते. मी पोलिसात आले ते धावणं, परीक्षा, कायदा हे सगळं जमतं म्हणून. इथेही उभं राहून धडा वाचावा लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही वाचायचात ते बघण्यासारखं असायचं. मागच्या लहान खोलीत, पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज होतो. एक वाक्य वाचायचं, चष्म्यावरून समोरच्याकडे बघायचं, त्याने मान हलवली की पुढचं वाक्य. तासभर जायचा. बाहेरच्या बाकावरची माणसं वैतागायची. पवार म्हणायचे, "बसा काका, आत कुंजीरबाईंचं पारायण सुरू आहे, प्रसाद घेऊनच जा." पण मी आतून बघितलं आहे. आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणसं एकदम थांबायची. "हे राहिलं सांगायचं," म्हणायची. किंवा, "एवढं नव्हतं झालं, मी रागात बोललो." तुम्ही दोन्ही सारख्याच शांतपणे लिहून घ्यायचात.

हे तुम्ही सुरू कसं केलंत, ते एकदा जेवताना सांगितलंत. तुमच्या डब्यात शेवग्याच्या शेंगांची आमटी होती आणि ती तुम्ही मला न विचारता वाटीत वाढली होती.

"आमच्या वेळी बायकांना टेबलच नव्हतं, मॅडम. आरोपी बाई असली की आम्ही, मोर्चा बायकांचा असला की पुढे आम्ही. लिहायला पुरुष. एक साहेब म्हणायचे, बाईचं अक्षर कोर्टात टिकत नाही. मग एकदा माणसं कमी पडली आणि मला लिहायला बसवलं. मी एवढी खूश, की घाई केली. जुनी फिर्याद नमुन्याला घेतली, बघून बघून लिहिली. एके ठिकाणी जुन्यातल्या आरोपीचं नाव तसंच आलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस आणून बसवला. भाजीवाला होता. दिवसभर बाकावर बसला, एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, बाई, मी काय केलं ते तरी वाचून दाखवा. मी वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीला माझीच दातखीळ बसली."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. साहेबांना सांगितलं, त्याला घरी सोडून आले, टेबल गेलं. परत मिळायला चार वर्षं लागली. तेव्हापासून वाचते. आमटी गार होतेय."

टेबल गेलं, हे तुम्ही आमटीच्या सुरातच सांगितलंत. चूक दाबता आली असती, दाबली असतीत तर टेबल राहिलं असतं, हे मी घरी गेल्यावर मोजलं. तुम्हाला त्याबद्दल काही म्हणायचं होतं मला. म्हटलं नाही.

ज्योत्स्ना बोरकर आली ती दुपारी, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तिची ओळख तुम्हाला करून द्यायला नको, पण मला तो दिवस पुन्हा एकदा नीट मांडायचा आहे. बाई चंद्रपूरकडची. कंपन्यांच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ, शंभरेक मुलंमुली तिथे जेवतात. गल्लीतलाच एक माणूस जेवायला येणाऱ्या एका मुलीच्या मागे लागला होता. ती जेवायला आली की समोर बसायचा, उठली की तिच्या होस्टेलपर्यंत मागे मागे जायचा. ज्योत्स्नाने त्याला सांगितलं, उद्यापासून माझ्या दारात यायचं नाही. त्याने तिला शिव्या दिल्या आणि तिच्याच खानावळीतला लोखंडी झारा तिच्या मनगटावर घातला.

तिने हे सगळं मला सांगितलं. मी ऐकलं. आणि टाईप काय केलं? पवारांनी घेतलेली एक जुनी फिर्याद समोर उघडी होती, मारहाणीची. बोटं तिच्यावरूनच चालली. किरकोळ कारणावरून वाद घालून, अश्लील शिवीगाळ करून, लोखंडी झाऱ्याने मारहाण केली. मुलीचा विषय गेलाच. मुलीने स्वतः तक्रार दिली नव्हती, म्हणून तो सोडला असं मी स्वतःला नंतर समजावलं. खरं म्हणजे मी काही ठरवलंच नव्हतं. मारहाणीची फिर्याद म्हटलं की आमच्याकडे कारण किरकोळच असतं.

तुम्ही कागद बघितलात आणि आधी शिव्यांपाशी थांबलात.

"अश्लील शिवीगाळ. कोणती?"

"लिहायला पाहिजे?"

"नाही लिहिली तर वाचणाऱ्याला वाटतं, असेल काहीतरी साधंसं."

मी लिहिली. ज्योत्स्ना सांगत होती आणि मी मान वर न करता टाईप करत होते. मग मी कागद तुमच्याकडे दिला, कारण वाचायचं काम तुमचं. तुम्ही तो परत माझ्या हातात ठेवलात.

"फिर्याद तुम्ही घेतलीत. तुम्हीच वाचा."

मी तुम्हाला दारापाशी नेलं आणि कुजबुजले, "ताई, हे मला नाही वाचता येणार."

"वाचता येतं. तोंडातून निघत नाही."

"तेच."

"तिला त्या ऐकाव्या लागल्या. तुम्हाला नुसत्या वाचायच्यात."

तुम्ही पंखा बंद केलात आणि भिंतीशी उभ्या राहिलात.

मी वाचलं. पहिल्या दोन वाक्यांत तीनदा अडखळले. ज्योत्स्ना हसली नाही. शाळेत असताना मला हे माहीत असायला हवं होतं, की ज्याच्यासाठी वाचायचं तो हसत नाही. शिव्यांपाशी आले तेव्हा माझे कान तापले होते. मी एकेक शब्द वाचला. ती प्लास्टरकडे बघत प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, जणू बाजारातून आणलेले जिन्नस तपासत होती. हो, हेही होतं. हो, तेही. मग मी त्या ओळीशी आले.

"थांबा जी," ती म्हणाली. "किरकोळ कायचं?"

मी कागदाकडे बघितलं. तिथे ते मी लिहिलं होतं.

"त्या पोरीपायी मार खाल्ला ना मी. मी तेच तर सांगून राहिली मघापासून. किरकोळ असतं त इथं कशाला आली असती, घरीच हळद लावून बसली असती."

मला तुमचा भाजीवाला आठवला. माझीही दातखीळ बसली, फक्त मला टेबल गमवावं लागलं नाही, कारण भिंतीशी तुम्ही उभ्या होतात.

मी लगेच कॉम्प्युटरकडे वळले. दोन मिनिटांचं काम, ओळ बदलायची आणि नवा कागद काढायचा. तुम्ही माझ्यापुढे पेन धरलंत.

"छापू नका परत. हातानं खोडा, वर लिहा, समासात तिची सही घ्या."

"ताई, खाडाखोड किती वाईट दिसते. स्वच्छ कागद देऊ ना."

"स्वच्छ कागद न वाचलेलाही असतो."

तिच्यासमोर वाद नको म्हणून मी ऐकलं. किरकोळ कारणावरून, हे शब्द खोडले आणि वर बारीक अक्षरात मुलीचं लिहिलं, ज्योत्स्नाच्या शब्दांत. तिने समासात डाव्या हाताने सही केली. उजवा प्लास्टरमध्ये होता. सही अशी वाकडीतिकडी, की नावातलं जोडाक्षर घसरत खालच्या ओळीवर गेलं. ते बघून मला तिच्याविषयी फार आपलेपणा वाटला.

दोन दिवसांनी ती मुलगी स्वतः आली. ज्योत्स्नाने तिला सांगितलं होतं, तुझं लिहून घेतलं आहे, मला वाचून दाखवलं आहे. मुलीचा जबाब मी घेतला, मीच वाचून दाखवला, आणि त्या माणसावर पाठलागाचं कलमही लागलं. त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "आज पाचदाच अडखळलात." तुम्ही मोजत होतात.

पण खाडाखोडीवरचं आपलं भांडण संपलं नाही. मी म्हणायचे, कोर्टात वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. तुम्ही म्हणायचात, ठेवू दे. मी म्हणायचे, काळ बदलला, सगळं कॉम्प्युटरवर आहे. तुम्ही म्हणायचात, कॉम्प्युटरला ऐकू येतं का? शेवटी ठरलं, तारखेला दोघी बरोबर जायचं आणि काय होतं ते बघायचं. तारीख पडली ती तुम्ही गेल्यानंतरच्या सहाव्या दिवशी.

त्याआधी मी मांजरीला तुमच्या घरी जाऊन आले. तुमचे मालक उसाच्या बांधावरून आले, हातपाय धुऊन माझ्यासमोर बसले. त्यांनीच सुरुवात केली.

"घरात वाणसामानाची यादीबी वाचून दाखवायची ती. मी हो म्हनल्याबिगर पिशवी हातात घ्यायची न्हाई." मग म्हणाले, "तुमच्याबद्दल लई सांगायची."

"काय सांगायच्या?"

"रागावनार नसाल तर सांगतो. म्हनायची, आमच्या मॅडमचा आवाज चांगला हाय, पन त्यांनी पिशवीत घालून ठिवलाय."

मी रागावले नाही. परत येताना हेल्मेटमध्ये एकटीच हसले, मग तेच हेल्मेट आतून ओलं झालं.

कोर्टात पवार बरोबर होते. ज्योत्स्नाची साक्ष माझ्या आधी झाली. ती बाहेर आली, माझी साक्ष होईपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही हे तिला माहीत होतं, नुसती मान हलवून बाकावर बसली. मग मला बोलावलं. आरोपीचे वकील जुने पुणेकर, फार अदबीचे.

"मॅडम, जरा मोठ्यानं बोलाल का. आपण पोलीस आहात, आरोपी वाटता आहात."

कोर्टात हलकंसं हसू पसरलं. मी घसा साफ केला.

"वाचून दाखवली, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक फिर्यादीच्या शेवटी असतं?"

"हो."

"आधीच टाईप केलेलं असतं?"

"हो."

"म्हणजे आपण वाचली काय, न वाचली काय, वाक्य असतंच?"

ताई, मी खोटं कसं बोलणार? त्या स्कूटरवाल्याची फिर्याद माझ्या डोळ्यासमोर होती. मी हो म्हटलं.

"ठीक. मग मी म्हणतो, ही फिर्याद आपण वाचून दाखवलीच नाही. टाईप केलं किरकोळ कारण. पुढे मुलगी मिळाली, म्हणून हे वरचं हातानं मागाहून घुसडलं. ही खाडाखोड त्याचीच आहे."

त्यांचं बोट बरोबर तिथेच होतं, जिथे मी सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला तुमचा राग आला. मनात म्हटलं, बघा, स्वच्छ कागद दिला असता तर. आणि तुम्ही उत्तर द्यायला नव्हतात.

मी मान खाली घातली आणि कागदाकडे बघितलं. समासात ते घसरलेलं जोडाक्षर होतं.

मला कुणी प्रश्न विचारलेला नव्हता. विचारल्याशिवाय मी आयुष्यात कुठे बोललेले नाही. मी न्यायाधीशांकडे वळले. "मॅडम, मला या सहीबद्दल सांगायचं आहे."

"सांगा. मोठ्यानं."

"फिर्याद दिली त्या दिवशी त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. खाली सही आहे ती डाव्या हाताची आहे, समासातलीही डाव्याच हाताची आहे. दोन्ही एकाच वेळच्या आहेत. मुलगी आमच्याकडे दोन दिवसांनी आली. तिचं नावही मला तोवर माहीत नव्हतं, म्हणून खाडाखोडीत नाव नाही, नुसतं खानावळीत जेवायला येणारी मुलगी असं आहे. फिर्याद त्यांच्या सहीनिशी त्याच संध्याकाळी कोर्टाला पाठवली होती. आणि किरकोळ हा शब्द मी खोडला नाही. तो त्यांनी ऐकला आणि मला खोडायला लावला."

एवढं सलग मी कधी बोलले नव्हते. एकदाही अडखळले नाही, हे मला नंतर कळलं, तुम्ही मोजायला नव्हतात म्हणून पवारांनी मोजलं होतं. न्यायाधीश बाईंनी कागद मागून घेतला, बराच वेळ बघितला, फिर्याद कोर्टात पोचल्याचा शिक्काही बघितला आणि वकिलांकडे दिला. वकिलांनी चष्मा लावला, काढला. जाता जाता त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला, थोडं हसत.

"मॅडम, यात फार वाईट शिव्या आहेत. आपल्यासारख्या मुलीनं त्याही वाचून दाखवल्या?"

"शिव्यांसकट," मी म्हटलं.

ते खाली बसले.

निकाल अजून लागायचा आहे. लागेल तेव्हा लागेल. पण बाहेर आल्यावर ज्योत्स्नाने विचारलं, "त्या दुसऱ्या मॅडम नाही आल्या?" मी सांगितलं. ती पुन्हा बाकावर बसली. मग म्हणाली, "मला आत विचारलं, वाचून दाखवली का. मी म्हटलं, दाखवली जी, आणि एक बाई भिंतीशी उभी होती, ती माझ्यापेक्षा जास्त ध्यान देऊन ऐकून राहिली होती."

परतताना येरवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली. पवार समोर बघतच म्हणाले, "कुंजीरबाई चुकीच्या दिवशी गेल्या. आज पेढे त्यांनी वाटले असते."

आता भांडणाचं. तुम्ही जिंकलात, ताई. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं आणि तुम्ही "मग बसू का?" असं काहीतरी विचारायला हवं होतं. मीही विचार केला आहे त्यावर. तुम्ही उभ्या राहायचात तो मान नव्हता आणि रागही नव्हता. तुम्ही वाट बघत होतात, इतके महिने, पाय दुखत असतानाही, की ही मुलगी एकदा तरी हुकूम देईल. एका शब्दाचं काम होतं आणि मी तुम्हाला रोज विनंती करत राहिले. त्याचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही. बाकी सगळ्यासाठी, चहापासून, थँक्यू.

काल सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते.

हॉल भरलेला होता. प्रिंटर चालू, दोन फोन वाजत होते, बाकावर माणसं. पवारांच्या समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, सोसायटीतल्या भांडणाची फिर्याद. पवारांनी छापलेला कागद त्यांच्यापुढे फिरवला आणि पेन दिलं. "इथं सही करा, काका. आणि इथं." काकांनी पेनाचं टोपण काढलं.

मी माझ्या खोलीच्या दारात आले होते. बूट वाजवले नाहीत.

"पवार, सही नंतर. आधी वाचून दाखवा."

प्रिंटर चालू होता तरी ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. माना वळल्या. पवार उठून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्या खुर्चीकडे बघितलं, आणि चेहरा सरळ ठेवून, तुमच्याच सुरात विचारलं, "हुकूम आहे का, मॅडम?"

"हुकूम आहे," मी म्हटलं. "बसा, आणि पहिल्या ओळीपासून वाचा. मला इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे."